भाट्ये ते कशेळी: सागरी रस्त्याचा आश्विन-कार्तिक (प्रकल्प नोंदी)

२२ सप्टेंबर २०२४, भाट्ये

आजपासून नोंदी ठेवायला घेतल्या. फोटोंच्या कामाची हद्द ठरली आहे. रत्नागिरीतून काजळीच्या खाडीवरचा भाट्याचा पूल ओलांडला की सागरी रस्ता दक्षिणेला निघतो. पुढे गोळपचा सडा (जांभ्या कातळाचं उघडं पठार), पावस, मेर्वी, पूर्णगड, मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल, गावखडी आणि मग राजापूर तालुक्यातली कशेळी. या पट्ट्यात रस्त्यावर उभं राहून जे दिसतं तेवढंच टिपायचं. ड्रोन नाही, डोंगरावर चढून शोधलेली जागा नाही. एसटीच्या खिडकीशी बसून रोज जाणाऱ्या माणसाच्या नजरेसमोरून जे सरकत जातं, तेच त्याला गावच्या वाचनालयाच्या भिंतीवर थांबून बघता यावं. मागची लांब भिंत मिळाली आहे, तिच्यावर दहा-बारा चौकटी बसतील.

शरदच का, असं मामाने विचारलं. कोकणचे फोटो म्हटले की एक तर आषाढ-श्रावणातले धबधबे, नाहीतर आंब्याच्या हंगामातले समुद्रकिनारे. मधले दोन महिने कोणी बघतच नाही, आणि माझ्या मते वर्षातला सगळ्यात चांगला उजेड त्याच दोन महिन्यांत असतो. पावसाने हवा धुऊन निघालेली असते, धूळ अजून उठलेली नसते, सूर्य दक्षिणेला कलायला लागलेला असतो. आणि रंग बदलतो तो झाडांचा नाही. आमचे आंबे, काजू, फणस बारा महिने हिरवे. रंग बदलतात शेतं आणि सडे.

आज संपात दिवस, म्हणजे दिवस आणि रात्र सारखी, त्यामुळे सूर्य बरोबर पश्चिमेला मावळला, ६ वाजून ३३ मिनिटांनी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो ६ वाजून ४ मिनिटांना मावळेल आणि पश्चिमेपासून १६ अंश दक्षिणेला सरकलेला असेल. म्हणजे ज्या जागेवरून आज समुद्रावरचा चमकता पट्टा सरळ समोर दिसला, तिथून तेव्हा तो डावीकडे गेलेला असेल. ही सरक वहीत आधीच काढून ठेवली आहे. जागा निवडायच्या त्या सूर्य तिथे कधी पोचतो ते बघून.

२९ सप्टेंबर, गोळपचा सडा

सड्यावरची फुलं संपत आली. जांभ्याच्या खळग्यांत जिथे पाणी उरलंय तिथे गेंद आणि सीतेची आसवं अजून दिसतात, कवळ्याचा पिवळा मात्र विरळ झाला. तेरडा रस्त्याच्या कडेने गुलाबी उभा आहे.

कातळाचा रंग बघण्यासारखा असतो. ओला असताना गडद, मातकट तांबडा. दोन दिवस ऊन पडलं की वरचं शेवाळ सुकतं आणि तोच कातळ काळपट होतो. तांबडा दिसतो तो जिथे दगड फुटला आहे किंवा चिरे काढले आहेत तिथे. सड्याचा फोटो काढायचा तर एक सर येऊन गेल्यावर, ढग फाटल्यावर, दहा-पंधरा मिनिटांत. त्यानंतर खळग्यांतलं पाणी तेवढं चमकतं, दगड विझतो.

मतलई वारा आज सकाळी स्पष्ट जाणवला, जमिनीकडून समुद्राकडे. पाऊस परतायच्या वाटेवर असल्याची ही खूण आहे असं मामा म्हणतो. मुंबईतून मोसमी वारे माघारी फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरतात. इकडे पुढेमागे तेच.

५ ऑक्टोबर, पावस ते मेर्वी

आज कॅमेरा कमी, होकायंत्र जास्त. या रस्त्याचं मोठं भाग्य म्हणजे तो ढोबळमानाने उत्तर-दक्षिण पळतो. त्यामुळे रस्ता चौकटीत घेऊन दक्षिणेला तोंड केलं की सकाळी उजेड डावीकडून येतो, संध्याकाळी समुद्राकडून, उजवीकडून. दोन्ही वेळा बाजूचा उजेड. रस्त्याकडेचा गडगा (दगडी कुंपण), वडाची मुळं, शेताचे बांध सगळ्यांना एक उजळ कूस आणि एक सावलीची कूस मिळते. पूर्व-पश्चिम रस्ता असता तर एक वेळ डोळ्यांत सूर्य आणि दुसरी वेळ पाठीवर. पाठीवरून आलेला उजेड सगळं सपाट करून टाकतो.

पोलरायझरचं, म्हणजे लेन्सवर लावायच्या चकाकी कापणाऱ्या फिल्टरचं, गणितही याच दिशेने सुटतं. सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशात त्याचा परिणाम सर्वांत जास्त. सूर्य पूर्वेला किंवा पश्चिमेला टेकलेला असताना ती ९० अंशांची पट्टी उत्तर-दक्षिण, म्हणजे नेमकी रस्त्याच्या रोखाने येते. १६ ते २० मिलिमीटरच्या लेन्सवर मात्र लावायचा नाही, आकाशाच्या मधोमध गडद डाग पडतो. ३५ च्या पुढे ठीक. मला आकाशापेक्षा तो पानांसाठी जास्त लागतो. नारळाच्या झावळ्या आणि भाताची पाती इतकी तुकतुकीत असतात की आकाशाची सफेदी त्यांच्यावर बसते आणि खालचा हिरवा दिसतच नाही. फिल्टर फिरवला की ती साय बाजूला होते.

लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ ८ किंवा ११. १६ च्या पुढे गेल्यावर बारकावे मऊ पडतात. व्हाइट बॅलन्स सगळ्या कामासाठी ५२०० केल्विनवर बांधून टाकला. स्वयंचलित ठेवला तर कॅमेरा संध्याकाळचा पिवळा आपल्या हुशारीने काढून टाकतो, आणि मला तर त्या पिवळ्याचाच दिवसागणिक हिशेब ठेवायचा आहे.

मेर्वीच्या खालच्या मळ्यात हळवं भात पिकायला लागलंय. वरून, रस्त्यावरून बघितलं की मळ्याचे तुकडे वेगवेगळ्या रंगाचे दिसतात आणि त्यामागचं कारण पेरलेल्या जातीत आहे. कर्जत ३ सारखं हळवं ११०-१२० दिवसांत तयार होतं. जया निमगरवं, ते १३५ च्या आसपास. मसुरीसारखं गरवं १४० च्या पुढे. वरच्या, पाणी लवकर ओसरणाऱ्या वाफ्यांत हळवं, खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला पाणी धरणाऱ्या जमिनीत गरवं. म्हणून उतारावर वर पिवळा, मध्ये पोपटी, तळाला गडद हिरवा. पाण्याची वाट भाताच्या रंगात उमटलेली आहे. हा फोटो रस्त्यावरून, कठड्याला टेकून मिळतो. नक्की घ्यायचा.

१० ऑक्टोबर, मेर्वीचं वळण

आजचा उजेड वर्षातून मोजक्या वेळाच मिळतो.

दुपारी तीनपासून सह्याद्रीच्या बाजूला ढग चढत होते. परतीचा पाऊस असाच येतो. सकाळ लख्ख, दुपारी उकाडा असह्य, मग पूर्वेकडून गडगडाट. साडेपाचच्या सुमाराला अख्खी पूर्व शाईसारखी निळी-काळी झाली आणि पश्चिम समुद्रावर मोकळी होती. सूर्य ढगाच्या कडेखालून आला. मळ्यातलं पिकलेलं भात त्या काळ्या पडद्यापुढे असं पेटलं, की मीटरवर विश्वास ठेवायला मन धजेना. भातावर मोजणी घेतली, ढगाला काळं राहू दिलं. कॅमेऱ्याच्या सरासरीवर सोडलं असतं तर त्याने ढग उजळवला असता आणि भाताचा पिवळा पांढराफटक करून टाकला असता. सुरक्षित राहावं म्हणून तीन एक्स्पोजर घेतली, एकेका स्टॉपच्या अंतराने, म्हणजे दर वेळी उजेड दुप्पट. कामाचं निघालं ते मधलंच.

वीज चमकायला लागल्यावर ट्रायपॉड मिटला. उघड्या वळणावर धातूचे पाय रोवून उभं राहायची ती वेळ नव्हती.

गाडीत बसले तेव्हा बांधावर एक काका छत्री टेकून उभे होते. त्याच ढगाकडे बघत होते. "आता आला तर आडवं करील सगळं," एवढंच म्हणाले. पिकलेलं भात एकदा आडवं पडलं आणि पाण्यात दोन दिवस राहिलं की दाण्याला कोंब फुटतात. ज्या उजेडासाठी मी वर्षभर थांबले होते तो त्यांच्या दृष्टीने पीक हातातून जाण्याचा उजेड होता. हा फोटो भिंतीवर लागेल तेव्हा खाली ही गोष्ट लिहिलेली असेल. नुसता "शरदातली संध्याकाळ" असा मथळा त्याला मी देणार नाही.

रात्री धो धो पडला.

१४ ऑक्टोबर, गावखडी

सुरूच्या बनाला लागून रस्त्याची कडा. सूर्यास्तानंतर पश्चिमेला शुक्र, आणि त्याच्या उजवीकडे, थोडा वर, धूमकेतू. त्सुचिनशान-ॲटलास. आकाश पुरतं काळं व्हायच्या आत डोळ्याला अंधुक, कॅमेऱ्याला शेपटीसकट. आमच्या कामात तो बसत नाही, पण रस्त्यावरून दिसला आणि एसटीची वाट बघणारी दोन पोरं कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली, म्हणून नोंद. १२ तारखेपासून, म्हणजे दसऱ्यापासून, संध्याकाळी दिसतोय.

लेन्सवर खाऱ्या वाऱ्याची चिकट साय बसतेय. घरी आल्यावर आधी ओलसर कपडा, मग कोरडा. लेन्सच्या पेटीत सिलिका जेल बदललं. इथल्या दमटपणात लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

१६ ऑक्टोबर, कोजागिरी, पावस

आज नवान्न पौर्णिमा. मामीने सकाळी नवं बांधलं: भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरी, कुर्डूचं फूल, झेंडू, आंब्याचं पान. दाराला एक, विहिरीच्या रहाटाला एक, मामाच्या स्कूटरला एक. मला वाटलं कॅमेऱ्याच्या पट्ट्यालाही बांधावं, तर मामीनेच न सांगता बांधलं.

रस्त्याने जाताना दोन्ही बाजूच्या घरांच्या चौकटींना, टेम्पोला, पिठाच्या गिरणीला ही जुडी लटकलेली दिसत होती. एका बस-थांब्याच्या खांबालासुद्धा कुणीतरी बांधली होती. तो खांब, ती जुडी, मागे अर्धं कापलेलं शेत आणि सकाळी साडेसातचा उजेड. ७० मिलिमीटर, एफ ४, जुडी आणि खांब स्पष्ट, शेत रंगापुरतं. निसर्गचित्रांच्या मालिकेत वस्तूचा फोटो कशाला, असं कुणी म्हणेल. मला हा हवा आहे. शेत काय आहे ते या जुडीशिवाय कळत नाही.

रात्री चांदण्यात सड्यावर गेलो, मामा आणि मी. दूध घेऊन गेलो होतो. फोटो काढले नाहीत.

२० ऑक्टोबर, गावखडीच्या अलीकडचा मळा

कापणी जोरात. सकाळी साडेसहाला पोचले, पण मळ्यात ऊन यायला सव्वासात वाजले. सूर्योदय साडेसहाचा असला तरी पूर्वेचा सडा मध्ये आडवा येतो. खालच्या मळ्यांसाठी वहीत सूर्योदयाची वेळ लिहून उपयोग नाही, सड्याच्या कडेवरून ऊन कधी उतरतं ते लिहायला हवं. आजपासून तसं लिहितेय.

रस्त्यावरून काढत होते तेव्हा खालून काकीने हाक मारली, "बाय, वर काय उभी रावलीस? खाली ये. पण बांधावरनं चाल हां, वाफ्यात पाय ठेवू नको, लोंब्या झडतात." माझी हद्द रस्त्याची, पण बोलावल्यावर उतरले.

त्यांच्या हातात वैभव विळा होता, दातेरी, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा. त्याला साध्या विळ्यासारखा झटका द्यावा लागत नाही, ओढला की कापतो. डाव्या हाताची मूठ भाताच्या बुडख्याशी, विळा जमिनीलगत. कापलेला भाग त्या वाफ्यात तसाच पसरून ठेवत होत्या, लोंब्या सगळ्या एकाच दिशेला, म्हणजे भारा बांधताना उलटसुलट होत नाहीत. दोन दिवस वाळलं की भारे, मग खळ्यावर झोडणी. पाऊस आलाच तर त्याच दिवशी उचलून ताडपत्रीखाली. मामीच्या माहेरी अजून शेणाने सारवलेलं खळं आहे, इथे मात्र प्लॅस्टिकच आलं.

या कापलेल्या भातावर सकाळचं तिरपं ऊन पडलं तेव्हा जे दिसलं ते रस्त्यावरून कधीच लक्षात आलं नव्हतं. उभं भात मऊ दिसतं, सगळा उजेड पिऊन घेतं. कापलेलं, एका दिशेला पसरलेलं भात मात्र काड्यांच्या पाठीवरून उजेड परत फेकतं. एका कोनातून बघितलं तर रुपेरी, चार पावलं सरकलं तर तांबूस. शेजारच्या वाफ्यात काकीच्या जावेने पसरलेल्या ओळींचा रोख वेगळा होता, त्यामुळे तो वाफा त्याच उन्हात वेगळ्याच रंगाचा. कुणाचा हात कुठल्या दिशेला वळतो ते वरून, रस्त्यावरून, रंगात दिसतं. परत वर जाऊन तोच कोन धरला. १३५ मिलिमीटर, पोलरायझर काढून, कारण ती चकाकीच हवी होती.

बगळे कापणाऱ्यांच्या मागे मागे. पांढरा बगळा उन्हात आला की त्याच्या पाठीवरची पिसं फोटोत पांढरीफटक, सपाट होतात, म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली उतरवलं. विजेच्या तारेवर नीलकंठ आलाय. हवेत चतुरांचे थवे.

काकींनी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाऊ घातली. फोटो दाखवले कॅमेऱ्याच्या पडद्यावर. स्वतःचे बघितलेच नाहीत. "हा वाफा बरा आलाय, आणि तिकडचा?" म्हणून बोट पुढे नेत राहिल्या. तिकडचा म्हणजे व्हाळाकाठचा, रानडुकरांनी अर्धा तुडवलेला. तोही काढायला लावला. काढला.

२६ ऑक्टोबर, मेर्वी

पहाटे धुकं. खाडीच्या बाजूने मळ्यात शिरलं आणि चुलींचा धूर मतलईबरोबर त्यात मिसळून खालीच राहिला. गवतावर कोळ्यांची जाळी, प्रत्येक धाग्यावर दव. चांगला उजेड, पण हा फोटो महाराष्ट्रात कुठेही निघेल. एकच ठेवला.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

चाकरमानी आले. रस्त्यावर गाड्या वळणावळणाला थांबून सेल्फी. अशा दिवशी वळणावर ट्रायपॉड लावणं म्हणजे स्वतःला आणि दुसऱ्याला संकटात घालणं. घरी नव्या पोह्यांचे प्रकार खाल्ले. गूळपोहे, दहीपोहे, ताकातले.

६ नोव्हेंबर, पूर्णगड

किल्ल्याखालचा रस्ता, मुचकुंदीच्या मुखाशी. पुलावरून पश्चिमेला खाडीचं तोंड, दक्षिणेला गावखडीची लांब पुळण आणि सुरूचं बन. सूर्य आता ठरल्याप्रमाणे दक्षिणेला सरकलाय, त्यामुळे संध्याकाळी खाडीच्या पाण्यावर तिरपा पट्टा पडतो आणि मासेमारीच्या होड्यांची डावी बाजू काळी, उजवी तांबडी असं काही न होता दोन्हीवर थोडा थोडा उजेड राहतो. शांत फोटो. पुलाच्या कठड्याला टेकून काढायचा तर जड गाडी गेली की पूल थरथरतो, म्हणून शटर एक शतांश सेकंदापेक्षा संथ ठेवायचं नाही. आयएसओ ४०० ला हरकत नाही.

येताना सूर्यास्ताआधी अर्धा तास सड्यावर थांबले. सूर्य क्षितिजापासून सुमारे ६ अंश वर होता. एवढ्या खालच्या उन्हात ८ मीटरच्या विजेच्या खांबाची सावली ७० मीटरच्या पुढे जाते. खांबांच्या सावल्या रस्ता ओलांडून, गडगा चढून, पलीकडच्या पडीक शेतात शिरल्या होत्या.

त्या पडीक शेतांबद्दल आज लिहायलाच हवं. गोळप ते पूर्णगड रस्त्याच्या कडेने जी जमीन मी महिनाभर बघतेय त्यातली बरीच आता लावली जात नाही. बांध दिसतात, वाफे दिसतात, त्यांत रानमोडीची रानटी झुडपं उभी आहेत. पोरं मुंबईला, मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी निघत नाही, आणि जे लावतात त्यांच्या शेतावर वानरं आणि डुकरं. कारणं सगळ्यांना तोंडपाठ आहेत. फोटो काढणाऱ्याने एक गोष्ट बघितली पाहिजे: शेत पडीक पडलं की शरद जातो. रानमोडीला आश्विनात पिवळा चढत नाही, उतारावर तीन रंगांच्या पायऱ्या पडत नाहीत, कापलेल्या वाफ्याची रुपेरी झळाळी नाही. वर्षभर एकाच मळकट हिरव्याचा गुंता. आपण ज्याला कोकणचा नैसर्गिक देखावा म्हणतो त्यातला निम्मा तरी कुणीतरी चिखलात उतरून, आवण काढून, लावणी करून बनवलेला आहे. तो दर वर्षी नव्याने बनवावा लागतो.

सड्यावरही तेच. चिरेखाणीचे चौकोनी खड्डे आणि सुरुंग लावून केलेल्या कलमांच्या बागा. बागांना माझा विरोध नाही, आमच्याही घरची आहे. पण कातळ एकदा फोडला की त्याच्यावरचे खळगे, गेंद, सीतेची आसवं परत येत नाहीत. आणि याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीतला हत्ती आणि त्याच्या पोटातली शिल्पं कोरली ती असाच मोकळा कातळ समोर असलेल्या माणसांनी. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. शिल्पाभोवती चिऱ्यांचं कुंपण होईल, बाजूचा सडा तेवढाच महत्त्वाचा आहे हेही कुणीतरी सांगायला हवं.

म्हणून मालिकेत आज दोन फोटो वाढवले: रस्त्याच्या डाव्या हाताला कापलेलं शेत, उजव्या हाताला रानमोडीचं शेत, दोन्ही एकाच जागी उभं राहून, एकाच संध्याकाळी. शेजारी शेजारी लावायचे.

११ नोव्हेंबर, गोळपचा सडा

गवत पिकलं. सप्टेंबरात गुडघाभर हिरवं होतं ते आता कमरेपर्यंत आणि पिवळं धम्मक, टोकाला तांबूस. विळे घेऊन माणसं गवत कापतायत, भारे बांधून रस्त्याच्या कडेला टेम्पोसाठी उभे केलेत. पाऊण महिन्यात सडा कापून बोडका होईल.

गवताचा फोटो सूर्याकडे तोंड करून. मागून उजेड आला की प्रत्येक तुऱ्याभोवती कड उजळते, समोरून आला तर नुसती पिवळी चादर. लेन्सवर सूर्य थेट पडू नये म्हणून मामाला टोपी धरून उभं केलं. गवत हलतं, म्हणून शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर. मग मुद्दाम अर्ध्या सेकंदावर काही काढले, पण ते धूसर रेघांचे फोटो डोळ्याला गोड लागतात आणि काही सांगत नाहीत. बाद.

सातवीण फुलली आहे वळणावर. वास फोटोत येत नाही, त्यामुळे लिहून ठेवते: अंधार पडताना, गोळपच्या उतारावर, गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत येतो.

१३ नोव्हेंबर, कशेळी

कनकादित्याच्या देवळाकडे जाणारा रस्ता. उजेडाचं काम सूर्याच्या देवळापाशी जाऊन संपवावं असं मनात होतं, म्हणून शेवटची जागा ही. देवळाचा फोटो नाही, ते रस्त्यावरून नीट दिसत नाही आणि त्याचे पुष्कळ निघाले आहेत. रस्त्याकडेच्या घरासमोर उडवी (भाताच्या पेंढ्यांची गंजी) रचण्याचं काम चालू होतं. एक आजोबा वर उभे, खालून मुलगा पेंढ्या फेकत होता. आजोबा पायाने दाबत गोल गोल फिरत होते. दुपारचे चार, ऊन अजून पांढरं, फोटोच्या पुस्तकात नको म्हणतात ती वेळ. पण पेंढ्याची सावली पेंढ्यावरच पडून प्रत्येक थर वेगळा दिसत होता. संध्याकाळपर्यंत थांबले असते तर उडवी पूर्ण झाली असती आणि आजोबा खाली उतरले असते. काढला. माझ्या मते सगळ्या मालिकेत हा पहिल्या तिनांत येईल.

"रस्त्यावरनं दिसते काय चांगली?" असं आजोबांनी वरून विचारलं. म्हटलं, दिसते आजोबा, थोडी समुद्राकडे कललीय. त्यांनी तिथे चार पेंढ्या जास्त लावल्या.

१७ नोव्हेंबर, निवड

मामाच्या ओटीवर पोस्टकार्डाएवढे छाप पसरून बसलो. मामी, मामा, शेजारची आतेबहीण आणि मी. माझे नियम: आकाश बदलायचं नाही, तारा आणि खांब पुसायचे नाहीत, हिरव्याचा केशरी करायचा नाही. तो केशरी हल्ली एका बटणावर मिळतो आणि आपल्या भाताला अगदी परका दिसतो. उन्हाळ-पावसाळ बघितलेला पिवळा असतो भाताचा, त्यात थोडा हिरवा शेवटपर्यंत राहतो. तो राहायलाच हवा.

आतेबहिणीचं म्हणणं, तारा काढल्या तर मेर्वीचा फोटो कॅलेंडरवर जाईल. खरंच जाईल. पण त्या तारेवर नीलकंठ बसतो आणि त्या तारेनेच काकीच्या घरी पंप चालतो. तारा राहिल्या.

मामीने १० ऑक्टोबरचा, काळ्या ढगाचा, सगळ्यात आधी उचलला आणि म्हणाली, "हा मधोमध नको. मधोमध खळ्याचा लाव, हा दाराजवळ." कारण विचारलं तर म्हणाली, दारातून आत येताना आधी भीती दिसू दे, मग धान्य. क्रम तसाच ठरवला.

३० नोव्हेंबर, छपाई

रत्नागिरीत छापून आणले, मॅट कागदावर, १६ बाय २४ इंच. चकचकीत कागद वाचनालयातल्या ट्यूबलाइटखाली चालला नसता. पहिल्या छापात भाताचा पिवळा लालसर येत होता, दुकानातल्या दादांनी न कंटाळता प्रोफाइल बदलून परत काढून दिला. गवताचा फोटो एक पायरी उजळ छापावा लागला, कागदावर तो पडद्यापेक्षा नेहमीच दबतो.

प्रत्येक फोटोखाली पट्टी: गाव, रस्त्याची दिशा, तारीख, वेळ, आणि शेत असेल तर भाताची जात आणि कापणीचा दिवस. जाती आणि दिवस काकी, मामी आणि बांधावरच्या काकांकडून तपासून घेतले. काकांनी एक दुरुस्ती सुचवली: ढगाच्या फोटोतलं खालच्या डाव्या कोपऱ्यातलं भात जया नाही, मसुरी आहे. पट्टी बदलली. त्या रात्रीच्या पावसाने वरचं हळवं आडवं केलं, त्याला कोंब आले. मसुरी अजून हिरवी होती म्हणून तगली आणि परवा कापली, हेही त्यांनी सांगितलं, तेही पट्टीवर घातलं.

भिंतीला खिळे उद्या. काकींचा छाप आणि आजोबांच्या उडवीचा छाप वेगळे बांधून ठेवलेत, गावखडी आणि कशेळीला मामा स्कूटरवरून नेऊन देणार आहे.